दादांच्या दुखण्याचे पैसे

माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन एकदाच झालं, पण ते त्यातून दोनदा बरे झाले. एकदा डॉक्टरांच्या मते, आणि त्यानंतर एकोणीस दिवसांनी स्वतःच्या मते.

या एकोणीस दिवसांची हकिगत आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे. लग्नात पंगत बसायला उशीर झाला की कुणीतरी ती काढतं आणि लोक हसतात. मीही हसतो. तिचं शेपूट मात्र मी एक माणूस सोडून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी मुळात कमी बोलणारा. (बायको म्हणते, कमी नाही, सोयीचं बोलणारा.) आता पंचावन्न उलटली. पोटात ठेवलेली ही गोष्ट हल्ली आत नीट बसत नाही, म्हणून लिहून टाकतो.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. नांदगावकडचं गाव सोडून ते पोरवयात नाशिकला आले, स्टोव्ह दुरुस्तीच्या एका दुकानात राबले आणि पुढे रविवार कारंज्याजवळच्या बोळात स्वतः बसले. स्टोव्ह, कुकर, मिक्सर. दुकान म्हणजे एक फळी, फळीमागे दादा आणि दादांच्या मागे कुकरची झाकणं. माणूस अतिशय प्रेमळ, पण फुकट काम करायचं नाव नाही. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंच्या कुकरची रिंग बदलली तरी त्यांच्याकडून रुपया घेणार म्हणजे घेणार. वर सांगणार, "काकू, रुपयाचा मोह नाय मला. पण फुकट बसवलेली रिंग गळते. लय वेळा बघितलंय."

हाच नियम ते डॉक्टरांनाही लावत. पैसे दिल्याशिवाय औषधाचा गुण येत नाही, आणि पैसे रोग्यानं स्वतःच्या हातानं द्यायचे. आमचे घरचे डॉक्टर मित्रासारखे होते. ते म्हणायचे, "राहू द्या हो." दादा म्हणायचे, "राहू दिलं तर दुखणं पण राहील." माझी मुलगी गार्गी दोन वर्षांची असताना तिला ताप आला, तर दादांनी तिच्या मुठीत रुपयाचं नाणं दिलं. बाकीचे पैसे त्यांनी दिले, पण एक रुपया तिच्या हातून गेला पाहिजे. डॉक्टर कानाला नळ्या लावेपर्यंत गार्गीनं तो गिळला. औषधानं ताप त्याच दिवशी उतरला, रुपया तिसऱ्या दिवशी उतरला. पण मधल्या दिवशी तिचं अंग जरा कोमट लागलं, तर दादा लगेच, "बघ. पैसे पोचले नायत."

या माणसाकडे पोस्टाचं एक पासबुक होतं. रोजच्या गल्ल्यातून थोडे थोडे बाजूला काढून त्यांनी ते भरलेलं. त्याला ते 'दुखण्याचे पैसे' म्हणत. त्यांच्या आणि आईच्या आजारपणाला मुलापुढे हात पसरायचा नाही, यासाठी ते पैसे. मी गंगापूर रोडला फ्लॅट बुक करायला निघालो तेव्हा थोडे कमी पडत होते. एकदाच धीर करून मागितले.

"घराला कर्ज मिळतं ना?" दादा म्हणाले.

"मिळतं."

"मग ते काढ. दुखण्याला कर्ज काढलं तर बरं झालेलं शरीर त्या बँकेचं."

मी कर्ज काढलं. पण राग आला होता, तो इथे नोंदवून ठेवतो. पुढे उपयोगी पडणार आहे.

मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो. दोन हजार तीनच्या सुमाराला कंपनीनं आमचा मेडिक्लेम काढला, आई-वडिलांसकट. छोटं, गुळगुळीत कार्ड मिळालं. कॅशलेस हा शब्द तेव्हा नवीन होता. मी तो दिवसातून चार वेळा उच्चारायचो. आणि माझं नशीब बघा, महिनाभरातच कळलं की दादांना हर्निया आहे. वर्षभर ते धोतराच्या काच्याखाली पट्टा बांधून तो दाबत होते. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण कार्ड वापरायला मिळणार याचा थोडा आनंदही झाला. असा मी.

"पैसे कोण देणार?" दादांनी विचारलं.

"विम्याची कंपनी."

"ती मला ओळखते?"

"ओळखायची गरज नाही, दादा. कार्ड दाखवलं की झालं."

"ओळख नाय, पाळख नाय, आन् अठरा हजार देणार. पोरी द्यायला पण एवढा विश्वास कुणी ठेवत नाय."

ऑपरेशन उत्तम झालं. तरुण सर्जन होते, हात हलका, बोलणं गोड. चौथ्या दिवशी घरी सोडलं. मी रिक्षा आणायला गेलो तेवढ्यात दादा काउंटरवर जाऊन उभे राहिले. बंडीच्या खिशात नोटा. आधीच पोस्टात जाऊन काढून ठेवलेल्या, 'कंपनीचा काय भरवसा' म्हणून.

"किती झाले?" त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"काही नाही, बाबा. इथे फक्त सही करा."

"सहीचे नाय, ऑपरेशनचे किती?"

"तुमचं कॅशलेस आहे ना. तुम्ही जा आता, आराम करा."

मी परत आलो तेव्हा दादा नोटा हातात धरून तसेच उभे होते. ज्याचं कुणी ऐकत नाही अशा माणसाचा चेहरा होता. मला त्या वेळी ते विनोदी वाटलं. मी त्यांना दंडाला धरून हसत हसत बाहेर आणलं. माझ्या हाताखाली त्यांचा दंड ताठ होता, हे आता आठवतं.

घरी आल्यावर ते झोपले ते उठेचनात.

आठ दिवसांनी टाके काढले. सर्जन म्हणाले, जखम सुंदर भरली आहे, हिंडा-फिरा. दादा घरी येऊन पुन्हा आडवे. "गुण नाय." दुखतंय कुठे? "आत." कसं दुखतं? "फुकटचं दुखतं." सर्जनना शंका आली, त्यांनी सोनोग्राफी केली. तीही कार्डावर. तिथून आल्यावर दादांचं जेवण निम्म्यावर आलं. मग रक्त तपासलं, तेही कार्डावर. तेव्हापासून ते कण्हायला लागले. जितके पैसे लागत नव्हते तितके ते खचत चालले होते. आणखी एखादी मोफत तपासणी झाली असती तर माणूस हाती लागला नसता.

दुकान बंद. गिऱ्हाइकं घरी येऊन कुकर ठेवून जायची. खाटेखाली कुकर, जिन्यात कुकर, देवघरापाशी एक पितळी स्टोव्ह. आईच्या स्वतःच्या कुकरची रिंग गेली. ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अहो, एवढी एक तरी बसवा." दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आजारी माणसानं बसवलेली टिकत नाय." घरात दोन डझन कुकर असताना आम्ही आठवडाभर पातेल्यात डाळ शिजवली.

मग मनमाडहून माझे मामा आले. रेल्वेतून निवृत्त झालेले. सगळं आयुष्य रेल्वेच्या दवाखान्यात गेलेलं. एका हातात काठी, दुसऱ्यात शहाळी, तोंडात खोकला.

"दाजी, हे काय मनावर घेतलंय?" मामा खाटेच्या कडेला बसत म्हणाले. "मला बघा. चाळीस वर्षं फुकट औषधं खाल्ली. एक पैसा दिला नाही कुणाला."

दादांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. काठी बघितली. सुजलेली पावलं बघितली. खोकल्याची उबळ संपेपर्यंत थांबले.

"वसंता," ते म्हणाले, "तुझ्याकडं बघूनच तर म्हणतोय."

पंधराव्या दिवशी दादा कुणाला न सांगता रिक्षा करून सर्जनकडे गेले. हे मला सर्जननीच फोन करून सांगितलं. दादांनी त्यांच्या टेबलावर नोटा ठेवल्या होत्या.

"मी सांगितलं त्यांना," सर्जन म्हणाले, "आजोबा, कंपनीनं मला पैसे दिलेत. पुन्हा घेतले तर तो गुन्हा होईल."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, मग गुण कंपनीला आला असंल."

त्या दिवशी घरी आल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. आई फार बोलणारी नव्हती. माझी सवय तिच्याकडूनच आली. ती म्हणाली, "हे असे पडून राहिले तर उठायचे नाहीत रे. मी यांना ओळखते. ते कार्ड तू आणलंस. आता तूच काय ते कर." ती हे रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दादांचे हात चादरीवर होते. नखांतला काळा रंग पार गेला होता. मी जन्मात ते हात इतके स्वच्छ पाहिले नव्हते, आणि ते पाहून मला भीती वाटली. मी चार दिवस विचार केला आणि आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं बोललो.

"दादा, एक वाईट बातमी आहे. कंपनीनं हात वर केले."

"म्हणजे?"

"क्लेम नाकारला. डॉक्टरांना दिलेले पैसेही परत मागवलेत. आपल्याला सगळे पैसे भरावे लागणार. अठरा हजार."

दादा उठून बसले. हळूहळू नाही, एकदम. ज्या माणसाला दोन उशा लावून पाणी पाजावं लागत होतं तो पाय खाली सोडून चपला शोधायला लागला.

"मी म्हणलो नव्हतो? ओळख नाय, पाळख नाय. देतील कशाला?" त्यांचा चेहरा उजळला होता. "अगं, पाणी ठेव आंघोळीला."

खोटं बोलणं सोपं होतं. ते निभावणं अवघड, कारण दादा पैसे द्यायला स्वतः जाणार होते आणि सर्जननी ते घेणं भाग होतं. मी आधी धावत त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगितलं. ते आधी नाही म्हणाले, मग हसले. म्हणाले, "माझी आजी वैद्याला तांदूळ तरी देऊन यायची. ठीक आहे. मी घेतो. पण दुपारी येऊन तुम्ही तुमचे घेऊन जायचे. आणि त्यांनी पावती मागितली तर मी देणार नाही."

दादा आले ते इस्त्रीची टोपी घालून. हॉस्पिटलच्या पायऱ्या त्यांनी कठड्याला हात न लावता चढल्या. मी मागे धापा टाकत होतो. केबिनमध्ये त्यांनी नोटा काढल्या, मला हात लावू दिला नाही, स्वतः मोजल्या आणि दोन्ही हातांनी सर्जनच्या हातात ठेवल्या.

"अजून काय राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आजोबा. सगळं पोचलं."

"पावती नको. पावत्या कंपन्यांना लागतात." मग ते जरा पुढे वाकले. "डॉक्टरसाहेब, काम फक्कड केलंत तुम्ही. इतके दिवस बोलता येत नव्हतं."

परत येताना त्यांनी रिक्षा दुकानाशी थांबवायला लावली. संध्याकाळपर्यंत सात कुकर झाले. त्यातला पहिला आईचा. आईकडूनही रुपया घेतला.

नात्यात सांगतात ती हकिगत इथे संपते, आणि तीत कंपनीनं खरंच हात वर केलेले असतात. आता शेपूट.

त्या दुपारी मी हॉस्पिटलमधून पैसे परत आणले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात स्वेटरांखाली ठेवले. मनात खोट नव्हती. दादांना परत द्यायचेच होते. पण द्यायचे कसे? द्यायचे तर खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगितलं तर हर्निया परत. पोस्टात गुपचूप भरावेत तर पासबुक त्यांच्या उशाशी. मी ठरवलं, थोडे दिवस जाऊ देत.

थोड्या दिवसांत फ्लॅटचा ताबा मिळाला. बिल्डरनं ओट्याला कडप्पा लावला होता. माझी बायको वृषाली त्या ओट्यावर नुसता हात फिरवत उभी राहिली. माझ्या डोक्यात स्वेटरांखालची पिशवी आली. तिच्या पाठोपाठ ते वाक्यही आलं, बरं झालेलं शरीर बँकेचं. तो जुना राग मी जपून ठेवलेला होताच. मी ग्रॅनाईट बसवून घेतला, काळाभोर, वर पांढऱ्या टाइल्स. वृषालीला सांगितलं, बोनस मिळाला.

वास्तुशांतीला दादा आले. ओट्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगला दगड हाय. लय महाग असंल."

"बोनस मिळाला," मी म्हणालो.

"मग ठीक." आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "आमच्या पोराला कुणापुढं हात पसरावा लागला नाय. मला पण नाय. ऑपरेशनचे अठरा हजार मी माझ्या हातानं मोजले." श्रीखंडाचा चमचा माझ्या तोंडातच राहिला.

मला वाटायचं, दादा-आईनं आमच्याकडे राहायला यावं. मी दर रविवारी जाऊन विचारायचो. दादा म्हणायचे, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर कुकर घेऊन कोण येणार?" मी चहा पिऊन परत यायचो. त्यांची एक खोली मी तशीच ठेवली होती, खाट घालून. गार्गीनं अभ्यासाला मागितली तरी दिली नाही. पाच वर्षं मी त्या खाटेवरची चादर बदलत होतो.

मग एका रविवारी आईनं मला जिन्यात गाठलं. दादांच्या पोटात दुखतं, आठ महिने झाले.

"आठ महिने? आणि आज सांगतेस?"

"सांगू देत नव्हते. म्हणायचे, दुखण्याचे पैसे संपलेत. कंपनी ऐनवेळी हात वर करते, मागं बघितलंस ना? पोराचे फ्लॅटचे हप्ते चाललेत. पुन्हा साठवतोय ना मी. पुरते झाले की दाखवू."

मी पायरीवर बसलो. दादा आजारी पडायला पैसे साठवत होते.

तपासण्या झाल्या. पोटात गाठ होती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की आधी आला असतात तर काही करता आलं असतं. आता फक्त दुखणं कमी ठेवायचं. मी मान हलवली, कार्ड खिशात घातलं आणि वॉर्डात आलो. आई चहा आणायला गेली होती. दादा उशीला टेकून बसले होते. मी स्टूलवर बसलो आणि सगळं सांगितलं. खोटा नकार, दुपारची पिशवी, स्वेटर, ओटा. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो, म्हणून थांबलोच नाही.

दादांचा हात हळूहळू जुन्या टाक्यांच्या जागी गेला.

"तरीच," ते म्हणाले. "पाच वर्षं ओढतंय."

मी एवढा रडवेला झालो होतो, तरी मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"म्हणजे कंपनीनं पैसे दिले होते."

"हो."

"म्हणजे कंपनी चांगली होती."

"हो."

"आन् खोटं तू बोललास."

"हो, दादा."

"बरं झालं. कळलेलं बरं असतं."

आई चहा घेऊन आली. त्या दिवशी ते माझ्याशी आणखी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर दाढी करून, सरळ बसून माझी वाट बघत होते. मला स्टूल दाखवलं.

"मी विचार केला," दादा म्हणाले. "मी माझ्या हातानं दिले. डॉक्टरनं त्याच्या हातानं घेतले. माझा व्यवहार तिथं संपला. पुढं त्यानं तुला दिले, आन् तू मला सांगितलं नाय. ती चोरी तुझी. गुण माझा." एवढं बोलून त्यांनी टाक्यांच्या जागी दोनदा थोपटलं. "आता नाय ओढत."

मी मान खाली घातली.

"चल," ते म्हणाले, "कुठं लावलेत ते तरी दाखव."

पाच वर्षं मी दर रविवारी विनवण्या केल्या तेव्हा आले नव्हते. आता हॉस्पिटलमधून सरळ माझ्या चोरीचा मुद्देमाल बघायला आले, आईला घेऊन. मुक्कामाला आलेत की पंचनाम्याला, हे मला कळेना. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पेलाभर पाणी ओट्यावर ओतलं आणि वाकून बघत राहिले. पाणी सिंककडे जायच्या ऐवजी हळूहळू मागे भिंतीकडे गेलं.

"उतार चुकलाय," ते म्हणाले. "अठरा हजाराला उतार नाय दिला?"

"लक्षात नाही आलं, दादा."

"चोरीच्या पैशाला कोण लक्ष देतंय." मग आईकडे वळून, "माझी हत्यारांची पेटी मागवून घे. थोडे दिवस इथंच राहावं लागंल. ह्याच्याकडं बघायला माणूस पाहिजे."

वृषालीला त्यातलं काही कळलं नाही. तिनं खोलीतल्या खाटेवर नवी चादर घातली.

चार महिने ते आमच्याकडे होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमचा कुकर उघडून बसवला. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या बिऱ्हाडातला. मग बिल्डिंगभर झालं. तिसऱ्या मजल्यावर कुकर घेऊन लोक येत, लिफ्ट नसताना. दादा ओट्याशी उंच स्टूलवर बसत. रिंगेचे दहा रुपये, शिट्टीचे पाच. नखं पुन्हा काळी झाली. आमच्या पॉलिसीत घरी घ्यायच्या गोळ्यांचे पैसे मिळत नव्हते, आणि याचा त्यांच्याइतका आनंद झालेला विमेदार कंपनीला भेटला नसेल. आलेल्या पैशातून ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये स्वतः जाऊन गोळ्या घेत. जाता येईना तेव्हा दुकानदाराला वर बोलावून त्याच्या हातात पैसे देत. "ह्या गोळ्यांचा गुण येतोय," असं म्हणत. शेवटच्या आठवड्यापर्यंत खरंच येत होता.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आईही गेली. खाटेची खोली गार्गीला दिली, गार्गी लग्न होऊन पुण्याला गेली. हल्ली घरात सकाळी फार शांत असतं. कुकरची शिट्टी झाली की मी अजून मनात दोनपर्यंत मोजतो, कारण शिट्टी ऐकून दादा काहीतरी म्हणायचे, 'वाफ दमानं येतेय' किंवा 'पिन साफ करायला आली'. तेवढी जागा सोडायची सवय झाली आहे. तिथे कुणी काही म्हणत नाही.

ओट्यावरचं पाणी अजून मागे जातं. वृषाली कितीदा म्हणाली, गवंडी बोलावून उतार काढून घेऊ, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी नको म्हणतो. रोज सकाळी उठतो, फडकं घेतो आणि भिंतीपाशी साचलेलं पाणी निपटून काढतो. ते करताना कुणीतरी मागच्या स्टूलवरून बघतंय असं वाटतं. चांगलं वाटतं. शिव्या खाल्ल्यासारखं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी वृषालीला वाचायला दिलं. तिनं वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो.

"म्हणजे बोनस मिळालाच नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"ते जाऊ द्या, ते दादांनी बघून घेतलं. पण तुम्ही रोज ओटा पुसता तो..."

मी ओट्याकडे बघितलं.

"भिशीतल्या बायकांना मी इतकी वर्षं सांगतेय हो, आमच्या ह्यांना सांगावं लागत नाही, सकाळी उठून माझ्यासाठी ओटा पुसून ठेवतात. दोघी-तिघींची घरात त्यावरून भांडणं झालीयेत."

सगळ्या संसारात माझ्या नावावर एकच चांगली सवय होती. तीही चोरीच्या मालातली निघाली.